अकरा घरांची साक्ष

“हुकूम साहेबाचा होता, एवढं लिहिलं की पुरे,” टाक दौतीत बुडवत चिंतामणी म्हणाला. “मध्ये तुमचं नाव कशाला, हवालदार?”

लवू परबाने नकारार्थी मान हलवली. पलटणीतून सुटल्यापासून तो परळच्या एका गिरणीच्या फाटकावर पहारा करी. आज खाडा करून काळाचौकीहून चालत तो गिरगावात आला होता.

हॉलंडात सगळ्या राष्ट्रांचे वकील लढाईचे नियम ठरवायला बसणार, ही बातमी वाचून चिंतामणीला स्फुरण चढलं होतं. एरवी हा लोकांचे अर्ज लिहून पोट भरणारा भित्रा माणूस. दीड वर्षापूर्वी वायव्य सरहद्दीवर सरकारी फौजेने गावंच्या गावं जाळली, त्याची दाद त्या सभेपुढे मागायची, असं त्याने ठरवलं. साक्षीदार आयता चालून आला. पण हा साक्षीदार आरोपी व्हायला निघालेला, याला काय म्हणावं!

“हुकूम सायबान दिलो. गवताची पेटती चूड माझ्या हातात व्हती, पंतानू,” लवू म्हणाला. “अकरा घरां जाळलंय मी. बायका-पोरां बर्फात उभी रवली. त्यांचा फुडे काय झाला, कोणी इचारूक नाय.”

“तुमची पेन्शन बंद होईल. घरात सहा तोंडं आहेत.”

“ठावक हा. तुमी लिवा.”

चिंतामणीने लिहिलं. त्याला या अडाणी माणसाचा राग आला, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

आता सही. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगर काढी, शिपाई कट्यार. चिंतामणीने टाक पुढे केला. “कट्यार काढा.”

“कट्यार कित्याक? लढाई खंय झाली थंय?”

लवूने टाक मुठीत धरला, गवताची एक जुडी काढली आणि तिच्या टोकाला ज्वाळेच्या तीन रेघा ओढल्या.

रिवाजाप्रमाणे निशाणीखाली ‘दस्तुर’ म्हणून लिहिणाऱ्याचं नाव यायला हवं. चिंतामणी अडखळला. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या नावावर शूर होता, आणि हल्ली सरकार चार ओळींसाठीही माणसाला तुरुंगात घाली. ती सभा हा कागद उघडून तरी बघेल का, याचीही खात्री नव्हती. लवू शाई वाळायची वाट पाहत होता.

‘निशाणी चुडीची,’ चिंतामणीने लिहिलं. मग सावकाश, नीट वाचता येईल असं: ‘दस्तुर चिंतामणी बल्लाळ साठे, मुक्काम गिरगाव.’