आधीचं पुसू का?

मी बोलतोय तो खिळ्यावरून. इस्त्रीच्या दुकानात, टेबलाच्या वर, गळ्यात नाडी बांधून मला टांगलंय. गिऱ्हाईकं मला रेडिओ समजतात. गाणी वाजत होती तोवर "बाई, तुमच्या रेडिओचा आवाज जरा कमी करा," म्हणायची. अहो, मी रेडिओ नाही! हातात धरून खेळायचा गेम आहे मी. माझा एक स्पीकर मुका झालाय, पाठीतली बॅटरी फुगलीय आणि एका बटणावरची खूण पार झिजून गेलीय. ती खूण कशी झिजली, तेच सांगायचंय.

खेळण्यांच्या दुकानात नवा होतो तेव्हा माझा काय तोरा होता! मग माझ्यापेक्षा चपळ भावंडं आली आणि मी अडगळीत गेलो. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात, तुटक्या चार्जरांच्या डब्यात पडून होतो. तिथल्या कारागिराने मला उचललं, उघडलं, साफ केलं आणि घरी आणलं. तो या इस्त्रीवाल्या बाईंचा धाकटा.

त्याने माझ्यात दोन गोष्टी भरल्या. आईसाठी गाणी, कारण कपड्यांवर हात फिरवताना तिला गाणी लागायची. आणि स्वतःसाठी जुने गेम, माझ्या जन्माच्याही आधीचे. त्यांची मूळ यंत्रं केव्हाच भंगारात गेली. त्या मेलेल्या यंत्रांची मी नक्कल करायची आणि त्यांचे खेळ चालवायचे. नक्कल मला झकास जमते.

त्या खेळांत मधेच उठायची सोय नव्हती. मेलात की पहिल्यापासून सुरू. धाकट्याने माझ्यात ती सोय केली. खेळ जिथे असेल तिथेच गोठवून ठेवायचा, पुन्हा उघडला की नेमका त्याच क्षणापासून पुढे. एका खेळाला जागा मात्र एकच. त्यामुळे नवं काही ठेवायचं झालं की मी विचारतो, "आधीचं पुसू का?" आयुष्यात एवढा एकच प्रश्न मला विचारता येतो.

एका दुपारी धाकटा खेळत होता. लाल टोपीवाला चिमुकला माणूस पळत पळत एका तुटक्या पुलापाशी आला. पुढे दरी. तेवढ्यात आईची हाक आली, "जेवायला ये रे, गार होतंय!"

"आलो आलो, याला इथे उभा करून ठेवतो."

त्याने त्याला गोठवलं आणि उठला. दुसऱ्या दिवशी ताप, मग कावीळ, मग दवाखाना. धाकटा परत आलाच नाही.

घरात राहिली आई, थोरला, त्याची बायको आणि मी. थोरला आईच्या शेजारीच इस्त्री करायचा. शाळेत असताना दोघा भावांत हाच टोपीवाल्याचा खेळ जुन्या यंत्रावर चालायचा आणि जिंकायचा थोरलाच. पण घरात कौतुक धाकट्याचं. तो हुशार, तो गुणी. थोरला आपला गठ्ठे बांधायला.

तरी आईला मी कसा उघडायचा ते शिकवलं थोरल्यानेच. तिची दया येऊन शिकवलं. "हे दाब, मग हे. बघ, तुझा लेक उभा. बाकी कशाला अंगठा लावू नकोस हां, नाहीतर पडेल तो."

झालं! रोज दुपारी इस्त्री बाजूला सारून, हात पदराला पुसून बाई मला मांडीवर घ्यायच्या. टोपीवाला पुलाच्या टोकाशी उभा असायचा. डोळे मिचकवायचा, पाय आपटायचा. पाठीमागे त्या पातळीची टिंगटिंग चाल वाजायची. "उभा आहेस ना रे राजा?" बाई विचारायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं. ते संपलं तर माणूस मरतो. म्हणून ते संपायच्या आत त्या मला बंद करायच्या. बस, एवढंच. दिवसभराची भूक त्यांची तेवढ्यावर भागायची.

थोरला हे बघत होता. मेलेल्याला रोज भेट, आणि जिवंत शेजारी घाम गाळतोय त्याला "चहा घे" नाही.

एकदा त्याच्या अंगठ्याला इस्त्री लागली. चांगला चर्र आवाज झाला, मला ऐकू आला. "आई गं! आई, हात भाजला."

बाईंनी मान वर केली नाही. "थांब रे जरा, घड्याळ संपेल."

थोरल्याने नळाखाली अंगठा धरला. संध्याकाळी आई वाण्याकडे गेली तसं त्याने मला खिळ्यावरून काढलं. खेळ उघडला. टोपीवाल्याला दोन पावलं पुढे चालवलं आणि दरीत सोडलं. तो हवेत, हात वर करून खाली चाललेला, आणि नेमक्या त्या क्षणी थोरल्याने गोठवायचं बटण दाबलं.

मी विचारलं, "आधीचं पुसू का?"

भाजलेल्या अंगठ्याने तो "हो" म्हणाला. मला "नको" म्हणता येत नाही, तसं बटणच मला दिलेलं नाही. मग त्याने उघडून पाहिलं. पडला. पुन्हा उघडलं. पडला. तेव्हा कुठे तो हसला, आणि मला व्यवस्थित जागेवर अडकवलं.

दुसऱ्या दुपारी बाईंनी मला उघडलं. टोपीवाला दिसतोय न दिसतोय तोच खाली गेला आणि मेल्याची चाल वाजली. "अगंबाई!" त्यांनी परत उघडलं. परत तेच.

"अरे, मी काय दाबलं रे? माझा अंगठा लागला का कुठे?"

थोरला शर्टाची कॉलर दाबत होता. इस्त्री न थांबवता म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला. हात लावू नकोस म्हणून."

नीच माणूस! मी ओरडलो असतो, पण माझ्यात आवाज आहे तो फक्त गाण्यांचा.

त्या दिवसापासून बाई गाणी लावत नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, "माझ्याच हातून गेला हो." रोज दुपारी मला उघडतात आणि तो खाली जाईस्तोवर उडीचं बटण दाबत राहतात, दाबत राहतात. त्याला वर ओढायला बघतात. हवेत उडी लागत नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. ती खूण अशी झिजली.

थोरल्याला हा खेळ तोंडपाठ आहे. मनात आणलं तर एका बैठकीत तो टोपीवाल्याला पुलापर्यंत नेऊन उभा करील. त्याची बायको म्हणालीसुद्धा, "अहो, द्या ना परत लावून. म्हातारी झुरतेय." त्यावर तो म्हणाला, "बघू."

त्याचं आता बरं चाललंय. आई त्याच्या तोंडाकडे बघते, त्याला चहा देते, अंगठ्याचा डाग बघून "दुखतं का रे अजून?" विचारते. "तू शहाणा, तूच बघ काही जमतं का," म्हणून गयावया करते. एवढं प्रेम त्याला जन्मात मिळालं नव्हतं. ते सोडून तो टोपीवाल्याला पुलावर कशाला नेईल?

माझी बॅटरी फार टिकायची नाही. तुम्ही कपडे द्यायला आलात तर माझ्यासाठी एवढं करा. बाईंना म्हणा, तुमचा अंगठा लागला नव्हता. बाकी काही सांगू नका.

दुपार झाली. माझ्यात टोपीवाला अजून दरीतच पडतोय. बाई पदराला हात पुसताहेत आणि थोरला मला खिळ्यावरून काढतोय.

"थांब आई," तो म्हणतोय, "आज मी उघडून देतो तुला."