नळाला पाणी आलं

"आलं पाणी," हे म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे.

मी बादली नळाखाली सरकवली. दोन हजार सालाची ती पहिली सकाळ. दिवे चालू, फोन चालू, नळ धो धो वाहतोय आणि माझा नवरा तोटी धरून उकिडवा बसलाय. पाणी आलं म्हणून तोंड पाडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ह्यांची कंपनी छोटी, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मावणारी. कॉम्प्युटरला म्हणे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठाऊक. नव्याण्णव संपलं की तो शंभर वर्षं मागे जाणार आणि सगळीकडे बट्ट्याबोळ होणार. तो होऊ नये म्हणून हे मान मोडून तारखा दुरुस्त करत होते. गावच्या पाणीपुरवठ्याच्या कॉम्प्युटरचं काम तर ह्यांनी एकट्याने केलं. कामाचे ढीग बघून ह्यांना वाटलं, असल्या कंपन्यांचे शेअर घेतले की कल्याण झालं. आपल्या कंपनीचे घेतले, तसल्याच आणखी दोन-तीन छोट्या कंपन्यांचेही. आमची शिल्लक गेली त्याचं मला एवढं नाही. पण वन्संचं दुकान?

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आई गेल्यावर शिलाईमशीन चालवून त्यांनी ह्यांना शिकवलं, स्वतः लग्नाचं नाव काढलं नाही. ह्यांच्या एका शब्दावर त्यांनी शिवणाचं दुकान मशीनसकट विकलं. शेअरचा भाव दुप्पट झाला तेव्हा एकदाच म्हणाल्या, "विकूया का रे आता?"

"थांब गं आक्का. एक तारखेला बोंबाबोंब झाली की लोक आमच्या दाराशी रांग लावतील. मग बघ."

बोंबाबोंब होऊ नये म्हणून डोळे फोडणारा माणूस हे म्हणत होता आणि आम्ही दोघी माना डोलवत होतो. कुठेतरी एखादा नळ कोरडा पडावा, असं ह्यांना मनातून वाटत असणार. पण हातातल्या कामात खोट ठेवायचा ह्यांचा स्वभाव नाही.

काही मोडलंच नाही, तर दुरुस्ती कुणाला हवी? शेअर मातीमोल झाले. साहेबांनी दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं. वन्संना सांगायला ह्यांचा पाय उचलेना, म्हणून मी बरोबर गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ह्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"काम तरी नीट केलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"एकही तारीख चुकली नाही, आक्का."

"मग रडतोस कशाला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण घडी घातलेलाच टॉवेल त्यांनी पुन्हा उलगडला.

वन्सं आता त्याच दुकानात रोजावर शिवतात. मालक दुसरा, मशीन तेच. संध्याकाळी हे त्यांना आणायला जातात, पण आत पाऊल टाकत नाहीत, समोरच्या फुटपाथवर थांबतात. काल ह्यांना ताप होता, म्हणून मी गेले. शटर अर्धं खाली आलेलं, मालक किल्ल्या वाजवत उभा.

"चला बाई, उशीर होतोय."

"झालंच," वन्सं म्हणाल्या. मशीनच्या एकेका भोकात त्यांनी तेलाचा थेंब सोडला, ओघळ फडक्याने टिपला आणि वरून झाकण घातलं.