त्र्यंबकपंतांना थांबवणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी टेबलावरची घंटी आहे. खाली काळी लोखंडी बैठक, वर पितळेची पालथी वाटी आणि वाटीच्या डोक्यावर एक छोटं बटण. बटणावर बोट मारलं की मी म्हणते, टिंग! आमचं घराणं फार मोठं बरं का. माझे खापरपणजोबा एका देवळात टांगलेले होते. त्यांचा आवाज म्हणे पार नदीपलीकडे ऐकू जायचा, आणि त्यांचे वडील तर...

टिंग! टिंग! थांबा, थांबा. बघितलंत ना? मीसुद्धा तेच करायला लागले! झाशीच्या मराठी माणसांत राहून राहून मलाही त्यांची खोड लागली. आता मुकाट्याने स्वतःचं सांगते.

माझा जन्म मुरादाबादचा. तिथल्या एका कारागिराने मला ठोकून, घासून चकचकीत केलं आणि भुशाच्या पेटीत घालून झाशीला धाडून दिलं. मी एका सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाऊन बसले. काय ऐट होती माझी! एकदा वाजले की शिपाई धावत यायचा, दोनदा वाजले की बाहेरच्या खोलीतले कारकून रमाकांतजी. बिचारे चहाचा कप अर्धा टाकून उठायचे. साहेब बदलत गेले, पण रमाकांतजींचं पळणं काही थांबलं नाही.

पुढे कचेरीत विजेची घंटी आली. तिचा आवाज म्हणजे कोणीतरी चिमटा काढल्यासारखा, पण साहेबांना आवडली. मला उचलून कपाटात कोंबलं. रमाकांतजी निवृत्त झाले, त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आपको क्या यादगार दें?" रमाकांतजी म्हणाले, "साहब, वह पुरानी घंटी दे दीजिए. उसने मुझे बहुत दौड़ाया है, अब मैं उसे बिठाकर रखूँगा." सगळे हसले. मीही हसले असते, पण बटण जाम झालं होतं.

त्यांनी शब्द पाळला. ओरछा गेटजवळच्या त्यांच्या घरी मला बसवून ठेवलं ते थेट फळीवर, टॉर्चच्या संपलेल्या सेलांच्या शेजारी! वर्षानुवर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या पितळेवर हिरवा थर चढला. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

फळीवरून घरातलं सगळं ऐकू यायचं मात्र. रमाकांतजी तसे अबोल, पण पाहुणे आले की त्यांना तोंड फुटायचं. "आमचे मूळपुरुष त्र्यंबकपंत पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले..." एवढं कानावर आलं की पाहुणे चपला शोधायला लागायचे. आणि ही फक्त त्यांचीच तऱ्हा नव्हती. इथल्या मराठी घरांत तुम्ही कोणालाही म्हणा, स्वतःबद्दल सांगा, की तो आपल्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाला पुढे करतो आणि स्वतः त्याच्या मागे जाऊन बसतो.

एके दिवशी त्यांची मुलगी आभा हिचा ग्वाल्हेरहून फोन आला होता. फोन स्पीकरवर होता. रमाकांतजींनी कशावरून तरी त्र्यंबकपंतांचा विषय काढला, तशी ती म्हणाली, "बाबा, त्र्यंबकपंतांचा घोडा कोणत्या रंगाचा होता ते मला माहीत आहे. तुमची मला काहीच माहिती नाही. मी लहान असताना तुम्हाला माझ्यासाठी वेळ नव्हता आणि आता आहे तर तुम्ही त्यांचंच सांगता." ती चिडून बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. रमाकांतजींनी तोंड पाडून फोन ठेवला.

त्यांच्या पत्नी लीलाताई फटकळ. त्या म्हणाल्या, "मराठी मंडळात ती देविका आपली गोष्ट कशी लिहायची, कशी सांगायची ते शिकवते आहे दर रविवारी. जा तिथे. घरात बसून तोंड पाडण्यापेक्षा बरं. आभा येणार आहे शेवटच्या वर्गाच्या सुमारास. तेव्हा सांगा तिला काहीतरी तुमचं स्वतःचं."

देविका शाळेत शिक्षिका. मंडळाच्या सभागृहात ती सतरंजी घालून वर्ग घ्यायची. पहिल्या रविवारी तिने सगळ्यांना स्वतःबद्दल चार वाक्यं सांगायला सांगितली. बबीन्याच्या लष्करी छावणीत फौजी वर्दीचे बिल्ले विकणारे संभाजी उठले आणि त्यांनी पानिपतावरून सुरुवात केली! कॉलेजात जाणारी शमिका म्हणाली, "मला मराठी समजतं सगळं, पर बोलायला गेलं की हिंदी निकल जाती है," आणि मग तिनेही पणजोबांचे पणजोबा काढले. रमाकांतजींचं तर विचारूच नका. वेळ संपली तेव्हा त्र्यंबकपंत अजून नर्मदेच्या पलीकडेच होते.

देविकाने कपाळावर हात मारला. "काका, मला इथे एक घंटी लागणार आहे. पूर्वज आले की वाजवायची."

"घंटी आहे माझ्याकडे," रमाकांतजी म्हणाले.

मित्रांनो, असं माझं नशीब उघडलं! लीलाताईंनी मला चिंचेने खसाखसा घासलं, बटणात तेलाचा थेंब सोडला आणि मी पुन्हा लख्ख झाले. पुढच्या रविवारी सतरंजीच्या मधोमध एका पाटावर माझी स्थापना झाली. आणि मग काय मजा! "आमचे मूळपुरुष..." टिंग! "सतराशे अमुक साली..." टिंग! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. ज्यांना मी एके काळी पळवत होते ते रमाकांतजी आता माझ्यामुळे तोंड मिटून खाली बसायचे.

देविका गोड बोलायची, पण सोडायची नाही. "नुसतं 'बरं वाटलं' नको, कुठे उभं राहून बरं वाटलं ते सांगा. हातात काय होतं? पायात काय होतं?" हळूहळू संभाजी पानिपतावरून परतले आणि त्यांनी पहिल्या दिवशी कर्नलसाहेबांना बिल्ला उलटा कसा लावला ते सांगितलं. शमिका अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं आईच्या रागाबद्दल बोलली आणि बोलता बोलता रडली, मग सगळ्यांबरोबर हसलीही.

अडले ते रमाकांतजी. त्यांना स्वतःचं सांगता यायचंच नाही. "माझा जन्म... आमच्या घराण्यात..." टिंग! मला वाजायला आवडतं, पण त्यांच्यावर वाजताना हल्ली जीव खालीवर व्हायचा. शेवटी देविकाने त्यांना एकच काम दिलं. "काका, तुम्ही कधी पडलात ते लिहा. खरंखुरं, धपकन."

रमाकांतजी एकदम लाजले. एवढे म्हातारे, पण कान लाल झाले. "पडलो होतो खरा," ते म्हणाले. "पण ते वर्गात नाही वाचणार. ज्याचं आहे त्याच्यासमोरच सांगेन."

शेवटच्या रविवारी सभागृहात छोटासा कार्यक्रम ठेवला होता. आभा आदल्या दिवशीच आली होती. ती आईशेजारी पहिल्या रांगेत बसली. नियम वर्गातलाच: पूर्वज आले की टिंग, वेळ संपली की टिंग. रमाकांतजींचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघंतिघं सवयीने चिवड्याच्या टेबलाकडे सरकले. आभाने हळूच मोबाइल काढला.

ते उभे राहिले. "आमचे मूळ..." ते म्हणाले, आणि देविकाचं बोट माझ्यावर आलं. मी मनात म्हटलं, नको हो, नको! रमाकांतजींनी माझ्याकडे पाहिलं. "नाही. मी सायकलबद्दल सांगतो. मला सायकल येत नव्हती."

आभाने मोबाइलवरून मान वर केली.

"आभा सातवीत होती. म्हणाली, बाबा, मला सायकल शिकवा. आता बापाने कसं सांगायचं की मलाच येत नाही? मी म्हटलं, पुढच्या रविवारी. आणि रोज सकाळी फिरायला जातो सांगून किल्ल्याखालच्या मैदानावर जायला लागलो. कचेरीतल्या एकाची सायकल मागून घेतली होती. एक दूधवाला मला शिकवायचा. ओरडायचा, 'बाबूजी, नीचे नईं, आगे देखो!' मी पुढे बघितलं, तर पुढे त्याचीच म्हैस! गेलो सरळ तिच्या पोटावर. ती जागची हलली नाही, मी मात्र शेणात."

सभागृह हसायला लागलं. चिवड्याकडे गेलेले परत आले.

"गुडघा फुटला. घरी सांगितलं, किल्ल्याच्या जिन्यावर पडलो."

"म्हणजे तो जिना नव्हता?" लीलाताई तिथूनच ओरडल्या. "अहो, मी त्या जिन्याला किती शिव्या घातल्या!"

"आभा दर रविवारी विचारायची. मी म्हणायचो, काम आहे, पुढच्या वेळी. मग तिने विचारणं सोडून दिलं. मला ते कळलं होतं. पण म्हटलं, आता थोडंच राहिलं आहे. आणि एके दिवशी जमलं हो! मैदानाला पुरा फेरा मारला. पायात चप्पल होती, एक कुठेतरी पडली, मी थांबलोच नाही. सायकल तशीच घराकडे वळवली. म्हटलं, आज हिला दाखवतो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोरून..."

टिंग!

वेळ संपली होती हो. देविका शिक्षिका, नियमाची पक्की, तिचं बोट आपोआप पडलं. आणि काय सांगू, अख्खं सभागृह माझ्यावर तुटून पडलं. "अरे, रुको यार!" "काय हे देविका!" "फेको उस घंटी को!" उभ्या आयुष्यात मी एवढ्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या आणि इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

आभा ताडकन उठली. पुढे येऊन तिने मला पाटावरून उचललं आणि माझ्यावर तळहात घट्ट दाबून धरला. "मग?" तिने विचारलं. "बाबा, समोरून काय?"

"समोरून तू," रमाकांतजी म्हणाले. "शेजारच्या मुलीने तुला शिकवलं होतं. दोन वेण्या उडत होत्या. ओरडलीस, बाबा, बघा, मला येते!"

"आणि तुम्ही सायकल हातात धरून उभे होतात. मला वाटलं, कोणाची तरी पोचवायला चालला आहात."

"तू दिसलीस तसा उतरलो. लाज वाटली. म्हटलं, हिचा आनंद आहे, हिचाच राहू दे. आणि खरं सांगू? मला रडू येत होतं. आनंदानेही आणि उशीर झाला म्हणूनही."

आभाने मला छातीशी धरलं. "बाबा, मी आजवर सगळ्यांना सांगत आले की तुम्हाला माझ्यासाठी वेळ नव्हता." ती रडत होती आणि त्या शेणाच्या आठवणीने हसतही होती. मग तिने डोळे पुसले. "अजून येते का तुम्हाला?"

"ते काही विसरत नाही म्हणतात. पण त्यानंतर कोणाला दाखवलीच नाही."

झालं! संभाजींनी त्यांचा दंड धरला, शमिकाने चौकीदाराची सायकल मिळवली आणि सगळी वरात अंगणात आली. लीलाताई ओरडत होत्या, "अहो, गुडघा! गुडघा सांभाळा!" रमाकांतजी चढले, डगमगले, एका कुंडीला घासून गेले आणि सुटले. सायकलला घंटी नव्हती. म्हणून आभा मला हातात घेऊन त्यांच्या बाजूने धावत होती आणि वाजवत होती, टिंग टिंग टिंग, नुसता धुमाकूळ! "बाजूला व्हा, बाजूला व्हा, माझे बाबा येत आहेत!"

तर मित्रांनो, आता मी फळीवर नाही, रमाकांतजींच्या टेबलावर असते. आभा दर रविवारी फोन करते आणि त्यांना एक गोष्ट सांगावीच लागते. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूला अधूनमधून चिंचेने घासा, तेलाचा एखादा थेंब द्या, ती अजून कामाला येते. आणि तुमच्या घरात कोणी गप्प माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्ही कधी पडला होतात का? उत्तर लगेच येणार नाही. ते आधी दुसऱ्याच कोणाचं तरी सांगतील. तेवढा वेळ त्यांना द्या, आणि मी वाजले तरी माझ्याकडे लक्ष देऊ नका.