हिरमंजीच्या तीन रेघा

"तुमी उंदराला रंग लावला?"

अंजनाने हे एवढ्या जोरात विचारलं की वस्तीवरची कोंबडी उडाली. तिचा नवरा दादासो रिकामा पिंजरा घेऊन दारात उभा होता.

"लावला. पाठीवर तीन रेघा. हिरमंजीच्या."

"आवं, पर का?"

"परत आला तर वळखायला नगं?"

थांबा. आधी घोंगडी सांगायला पाहिजे.

पोरीच्या, राणीच्या लग्नात द्यायला दादासोने चार महिने खपून काळी घोंगडी विणली होती. कडक व्हावी म्हणून चिंचोक्याची खळ पाजली होती. खळ उंदराला लय गोड. शहाण्णव सालचा उन्हाळा, आटपाडीकडच्या आमच्या रानात दाणा नाही, म्हणून उंदीर घरात. लग्नघरात जीव मारायचा नाही, म्हणून पिंजरा. सापडलेला उंदीर दादासो ओढ्यापलीकडे सोडून आला. पण हात पडला धनगराचा. मेंढरावर ओढतो तशी तांबडी खूण केल्याशिवाय जनावर वस्तीबाहेर जाऊच देत नाही.

आठ दिवस घोंगडी शाबूत.

नवव्या दिवशी ओढ्यापलीकडचा आप्पासो आला. हातात पिंजरा, पिंजऱ्यात तोच उंदीर, काखेत स्वतःची घोंगडी. घोंगडी कसली, चाळण.

"दादासो, ह्या रेघा कुणाच्या?"

मेंढरावरची आपली खूण नाकारायला धनगराची जीभ उचलत नाही.

"माज्या."

"मग जनावर बी तुजंच."

आपलेच दात, आपलेच ओठ.

लिंबाखाली पंच बसले. त्यांतले सगळ्यात म्हातारे लालासाहेब. त्यांनी तंबाखू मळली आणि चालत आलेला नेम सांगितला: "ज्याची खूण त्याचं जनावर. ज्याचं जनावर त्यानं नुकसान भरायचं. घोंगडीला घोंगडी दे."

"आवं आबा, उंदीर हाय त्यो!"

"रेघा वडताना ठावं नव्हतं व्हय?"

घरात द्यायला घोंगडी एकच, राणीच्या लग्नाची. राणी रडायला लागली. अंजना म्हणाली, "बाप हाय का कोन! उद्या झुरळाच्या गळ्यात घंटा बांधंल."

दादासो उठला. ओढा ओलांडून आप्पासोच्या घरात गेला. परत आला तेव्हा एका हातात सूप, दुसऱ्या हातात चिंधीचं गाठोडं.

"आप्पासो, माजं जनावर तुज्या घरात किती दिस बसलं?"

"आठ."

"आपली मेंढरं कुणाच्या रानात बसली, तर रानवाला खताबद्दल धान्य देतो का न्हाई?"

"देतो की."

दादासोने सूप पुढे केलं. "मग ह्या लेंड्या घ्या."

लालासाहेबांनी एक लेंडी उचलली. चुरडली. नाकाला लावली.

"खत हाय," ते म्हणाले.

आप्पासो ओरडला, "आनि माजी घोंगडी?"

दादासोने गाठोडं सोडलं. आत सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. "माजं जनावर तुज्या घरात व्यालं, गड्या. थंडीवाऱ्यात व्यालेल्या मेंढीखाली आपन घोंगडी हातरतो का न्हाई? मग तुजी हातरली गेली. बाळतिणीच्या अंथरुणाला नुकसान म्हनत्यात व्हय?"

यावर पंच पाऊण तास वाद घालत होते. तो पाऊण तास इथे लिहीत नाही. मेंढी कशाला म्हणावं, यावरून दोन पंच आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी लालासाहेब थुंकले आणि म्हणाले, "खताचं धान्य आनि घोंगडी, फिटाफीट. कुनी कुनाला कायबी द्यायचं न्हाई."

दादासोने पटका सारखा केला.

"आनि दादासो."

"जी."

"तुजी जनावरं तू घरला ने. दुसऱ्याच्या रानात ठिवायची न्हाईत."

दादासो जिंकून घरी आला. पिंजऱ्यात सात जीव.

"रंग धुवा आनि सोडा कुटंबी," अंजना म्हणाली.

"आता धुऊन काय? सगळ्या पंचांनी बघितलंय."

राणीने डोळे पुसले. दांडीवरची आपल्या लग्नाची घोंगडी काढली, चौघडी केली, डोक्यावर घेतली आणि पायात वहाणा घातल्या.

"कुटं चाललीस गं?"

"सासरला," राणी म्हणाली. "लगीन तुमी मागनं लावा."