खरी जोखीम

प्रकल्प-व्यवस्थापन आणि तांत्रिक लेखन शिकवणारे सर गुळमुळीत वाक्यांचे वैरी होते. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला चौघाचौघांचे गट पाडून ते अहवाल लिहून घेत आणि भर वर्गात पडद्यावर लावून त्यांची सालटी काढत. त्या दिवशी दोन गटांनी प्रकल्पातली जोखीम म्हणून 'सर्व्हर बंद पडू शकतो' असं लिहिलं होतं. सरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. खरी जोखीम लिहायला छाती लागते, म्हणाले.

तिसरा गट कॅप्टनचा. मुलगी हुशार, जिभेला धार. गटप्रमुख म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणत. दवाखान्यातल्या रुग्णांना घरबसल्या नंबर लावून देणारं अ‍ॅप ते बनवत होते. गटात तिचा मावसभाऊही होता. त्याचे वडील गेल्यावर तो आणि त्याची आई, म्हणजे कॅप्टनची मावशी, कॅप्टनच्याच घरी राहायला आले, आणि त्या घराचे मिंधे झाले. वर्गात त्याचं नाव 'उशीर' पडलं होतं. त्याने दार ढकललं की मागून कोणीतरी म्हणे, "उशीर झाला बरं का." तोही हसायचा. घरी दोघांचे आजोबा अंथरुणाला खिळलेले. सकाळी त्यांना उचलून आंघोळ घालणं, चादरी बदलणं त्याच्याकडे असे. कॅप्टनला हे ठाऊक होतं. भिंतीपलीकडे ती तेव्हा केस विंचरत असे.

तिचं पान पडद्यावर आलं. 'सर्वांत मोठी जोखीम: चौथा सदस्य. सतत उशीर, काम अपुरं. उपाय: त्याला वगळून काम उरलेल्या तिघांत वाटणे.'

हे पान मावसभावाला कोणी दाखवलं नव्हतं.

सर खूश झाले. त्यांनी त्यालाच उभं करून ते मोठ्याने वाचायला लावलं. मग विचारलं, "वाक्य स्पष्ट आहे?"

"आहे, सर."

"दुसरा काही अर्थ निघतो?"

"नाही निघत."

सर कॅप्टनकडे वळले. "उशिराचं कारण?"

"घरगुती आहे, सर."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो खाली बसला. घरचं घरी, असं म्हणून सरांनी उपाय तिथल्या तिथे मंजूर केला. अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका त्याने एकट्याने लिहिली होती. गटाने ती ठेवली, त्याचं नाव तेवढं काढलं. गटाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. तो नापास झाला.

मावशीला हे त्यांच्याच वर्गातल्या शेजारच्या मुलीकडून कळलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून तिने भाचीला विचारलं, "तुला त्याची अडचण होत होती, तर घरात बोलायचंस ना गं."

"घरात बोलून मार्क मिळत नाहीत, मावशी."

कॅप्टनच्या आईने लेकीचीच बाजू घेतली. पोरीचं बरं चाललंय ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय, असं बहिणीला सुनावलं. मावशीने भाचीचा राहिलेला कुडता इस्त्री करून घडी घातला. आठवड्याभरात मायलेकांनी दूर एक खोली घेतली आणि तो एका गोदामात कामाला लागला.

ते गेल्यावर पहिल्याच सकाळी आजोबा नातवाला हाका मारत राहिले. आईने कॅप्टनला आत पाठवलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली, नाकाला ओढणी लावली. मला नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, असं सांगून तिने दार लोटून घेतलं. आई ऑफिसला निघून गेली. म्हातारा संध्याकाळपर्यंत ओल्यातच पडून होता. दुपारनंतर त्याने हाका मारणंही सोडलं.