पहिलीतले चाळीस

साहेब, तुम्ही मुलं शिकवली नाहीत, यादीतून गाळलीत. सांवेरकडच्या एका शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला, म्हणून मुख्याध्यापक साहेबांनी पेढे वाटले. मधुवंतीबाईंनी पेढा बाजूला ठेवून दहा वर्षांची हजेरीपत्रकं काढली. पहिलीत त्यांनी स्वतः चाळीस नावं लिहिली होती. दहावीत अकरा उरली. सोयाबीन काढणीला जो महिनाभर गेला, त्याचं नाव कटलं आणि परत चढलंच नाही.

"मॅडमजी, रिझल्ट तर मस्त आलाय, फिर काहे का टेन्शन?" साहेब हसले. "निकालाच्या अहवालावर सही करा, नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

बाईंनी सहीच्या जागी एकोणतीस नावं लिहिली. खाली एकच ओळ: ही मुलं कुठे आहेत? लेखी उत्तर द्या.