आयर्नचा बस्ता

लग्नाचा बस्ता बांधायला जसं सगळं घर निघतं, तसं राहू गावच्या म्हस्कूआबांचं घर नातीच्या, प्रगतीच्या गोल्फच्या आयर्नचं, म्हणजे चेंडू मारायच्या लोखंडी काठ्यांचं, माप द्यायला निघालं. पुण्याहून एक बाई यंत्र घेऊन शिरूरजवळच्या रेंजवर येणार होती. प्रगतीचे फटके मोजायचे आणि तिच्या अंगाला बसतील असे क्लब, म्हणजे त्या काठ्या, तयार करून घ्यायचे, एवढंच काम. त्याला खेळणारी एकटी पुरे होती. पण आपल्याकडे घरातल्या पोरीसाठी काही मोलाचं घ्यायचं म्हटलं की चार माणसांनी हात लावून बघितल्याशिवाय ते घेतलं असं वाटतच नाही. म्हणून पिकअपमध्ये पुढे आबा आणि थोरले चुलते हौशीरामआप्पा, मागे आई कुशाबाई, वडील बिरदेव, प्रगती आणि दशम्यांचं गाठोडं, अशी वरात भीमा ओलांडून वडगाव रासाईवरून शिरूरच्या रस्त्याला लागली.

रेंज म्हणजे एका निवृत्त कर्नलसाहेबांनी माळावर केलेलं गोल्फ शिकायचं मैदान. आसपासच्या कारखान्यांतले साहेबलोक तिथं सुट्टीला यायचे. बिरदेव तिथं गवत कापायच्या मशीनवर होता. बापाला डबा द्यायला आलेली प्रगती आधी चेंडू गोळा करायला लागली, मग मारायला लागली, आणि मग साहेबलोक स्वतःचा खेळ सोडून तिचा बघायला लागले. त्यातला एक परदेशी साहेब आपल्या देशी परत जाताना जुने आयर्न तिला देऊन गेला. पुरुषाचे, लांब आणि जड. त्याच क्लबांवर पोरगी पुण्याच्या स्पर्धा खेळली, आणि आता राज्याच्या संघाच्या निवडीपर्यंत येऊन ठेपली होती. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, बास झालं उसनं. आता हिच्या मापाचे करायचे.

घर खूश होतं. प्रगती मात्र पिकअपच्या हौद्यात डावा हात ओढणीखाली धरून बसली होती.

तिचं डावं मनगट उन्हाळ्यापासून दुखत होतं. आधी नुसतं ठणकायचं, आता फटका जरा चुकला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. कारण घरात एक पारूताई होऊन गेली होती. हौशीरामआप्पांची लेक, तालुक्यात नाव काढलेली कबड्डीपटू. प्रगती शाळेत असताना पारूताईचा गुडघा दुखावला. त्यानंतर तिचे बूट माळ्यावर गेले आणि वर्षाच्या आत ती लग्न होऊन दौंडला गेली. पोरीला काही दुखलंखुपलं की घर तिचं खेळणं बंद करतं, हे प्रगतीनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी लहान पोरं विचारत नाहीत, आणि मोठी माणसं आपणहून सांगत नाहीत.

रेंजवर अनुपमा वाट बघत होती. पुण्याची, चाळिशीची, टोपी घातलेली, बोलायला मोकळी. क्लब बनवणं हाच तिचा धंदा होता. एकीऐवजी पाच माणसं उतरली तरी तिनं कपाळाला आठी घातली नाही, उलट खुर्च्या मागवल्या. टेबलावर तिनं दोन आयर्न मांडले.

"हा बारीक पात्याचा," ती म्हणाली. "मधोमध लागला तर लोण्यासारखा. चेंडू कुठं लागला, कसा लागला, सगळं हातात कळतं. याला आम्ही फील म्हणतो. आणि हा जाड पाठीचा, रुंद. यात फर्गिव्हनेस जास्त. म्हणजे चूक झाली तर ती पोटात घालतो. चेंडू जरा बाजूला लागला तरी बऱ्यापैकी सरळ जातो."

"म्हंजी बारका आमच्या हौशीरामवानी," आबा म्हणाले. "जरा चुकलं की अंगावर."

सगळे हसले. आप्पासुद्धा हसले, पण लगेच गंभीर झाले. "मॅडम, जाड म्हंजी शिकाऊ पोरांचा. आपल्या पोरीला चांगल्यातला दाखवा. राज्यासाठी खेळायची हाय ती."

"मला बारीकच पाहिजे," प्रगती म्हणाली.

तिला तो खरोखरच आवडत होता. नीट लागलेल्या फटक्याचा तो गोड धक्का हातातून वर चढायचा, त्यासाठी तर ती खेळायची. पण आज कारण तेवढंच नव्हतं. जाड पाठीचा मागितला आणि कुणी विचारलं, का गं, तर काय सांगायचं?

अनुपमानं यंत्र चालू केलं. तेवढ्यात आबा उठले, कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली, बोट ओलं केलं आणि दोन्ही आयर्नच्या तोंडाला हळद फासून मोकळे झाले. "नवं हत्यार हाय. देवाचं नाव घेतल्याबिगर हातात घ्यायचं न्हाई."

बिरदेव ओशाळला. "आबा, अवो त्यांच्या वस्तू हायत त्या!"

अनुपमानं पुसायला फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "राहू द्या, आबा. चेंडू कुठं लागतो ते दिसावं म्हणून आम्ही यावर पावडर मारतोच. तुमची चांगली दाट बसलीय."

प्रगती बारीक पात्याचा घेऊन उभी राहिली. मागे सगळं घर खुर्च्यांवर. एकटी असती तर ती बेतानं मारत, मनगट सांभाळत गेली असती. पण घरच्यांपुढं तिला फार मोठं व्हायचं होतं. तिनं जीव खाऊन मारला. चेंडू लांब गेला, आप्पा ओरडले, "हाण!" दुसरा मारला, तिसरा मारला. पडद्यावरचे आकडे वाढले तशी कुशाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. बस्त्यात शालू पसंत पडावा तसं सगळ्यांचं तोंड उजळलं होतं. एक बिरदेव तेवढा हसत नव्हता. तो नेहमी दुरून, मशीनवरून बघायचा आणि आज जवळून बघत होता.

अनुपमाही हसत नव्हती. तिनं आयर्न हातात घेऊन उन्हात धरला. पिवळ्या भंडाऱ्यात चेंडू लागला तिथं तिथं गोल डाग उघडे पडले होते. पहिला जवळजवळ मधोमध. पुढचे सरकत सरकत पात्याच्या टोकाला. मग तिनं जाड पाठीचा मारायला दिला. डाग तिथंच, टोकाकडे. चेंडू मात्र त्यातल्या त्यात सरळ गेले.

"आकडे छान आहेत," अनुपमा म्हणाली. "या आकड्यांवर मी बारीक पात्याचा, कडक शाफ्टचा, म्हणजे कडक दांड्याचा, सेट बनवून देईन आणि तो चुकीचा असेल. हे डाग बघ. पहिल्या फटक्यानंतर तुझे हात आखडतायत. शरीरात कुठं दुखत असलं की माणूस असा आखडतो. मनगट का?"

प्रगतीनं डावा हात ओढणीखाली घेतला.

"न्हाई," प्रगती म्हणाली.

"मग आणखी एक मार. बारीकनं. सगळा जोर लावून."

प्रगतीनं आयर्न घेतला. चेंडूसमोर उभी राहिली. हात वर नेला, आणि तिला कळलं की आपल्याच्यानं हे होणार नाही. मनगट आधीच जळत होतं. तिनं आयर्न खाली केला आणि हिरव्या चटईवर अलगद ठेवला.

पहिला आवाज आप्पांचा. "कवापासनं?"

"उन्हाळ्यापासनं."

"आन् सांगितलं न्हाईस? घरात एवढी माणसं मेली व्हती का?"

इतके दिवस गिळलेलं सगळं प्रगतीच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "काय सांगू? सांगितलं असतं म्हंजी माझं बी पारूताईवानी केलं असतं तुम्ही! गुडघा दुखला तर तिचं खेळणं बंद केलंत, लगीन लावून दिलंत. मला न्हाई बंद करायचं, आप्पा. मला खेळायचंय."

चार गावांत ज्यांचा आवाज चालायचा, ते आप्पा चेंडूंच्या क्रेटवर मटकन खाली बसले.

"कोण म्हणलं तुला, आम्ही बंद केलं?" कुशाबाईनं विचारलं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. "आगं, पारूनं दुखणं लपवलं व्हतं. अख्खा हंगाम फडकं घट्ट बांधून खेळली, वरनं फुल पँट. कुणाला कळू दिलं न्हाई. एक दिवस मैदानातच पडली. तवर आतलं सगळं फाटून गेलतं. डॉक्टर म्हणला, आता चालली तरी पुष्कळ. आप्पांनी पुण्यापतूर तिला न्हेली. कुठंच दुसरं ऐकाया मिळालं न्हाई."

"आन् लगीन?"

"तिचं तिनंच पसंत केलं ते. मैदान डोळ्यासमोर नको म्हणली."

इतकी वर्षं ज्या गोष्टीला प्रगती भ्यायली, ती घडलीच नव्हती. आणि जी खरोखर घडली होती, तीच ती उन्हाळ्यापासून स्वतःच्या हातानं पुन्हा करत आली होती. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आणि रडताना तिला लाज वाटली नाही, हलकं वाटलं. आबांनी तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि फिरवून फिरवून बघत बसले.

मघापासून गप्प असलेला बिरदेव पुढे आला. "मॅडम, हिचा फटका लागला की एक आवाज येतो. मशीन बंद केलं की मला ऐकू यायचा. अलीकडं येत न्हवता. मला वाटलं, मशीनच्या धडधडीनं माझेच कान गेले." तो हसायचा प्रयत्न करत होता.

"कान शाबूत आहेत तुमचे," अनुपमा म्हणाली. मग प्रगतीकडे वळली. "आजचे आकडे मी पुसून टाकते. सगळ्यांना दाखवायला मारलेले फटके होते ते. त्यांचं माप काय घ्यायचं? आता जाड पाठीच्या आयर्नला हलका शाफ्ट लावते. अर्धाच हात उचलायचा. दुखलं तर तिथंच थांबायचं आणि सांगायचं."

प्रगतीनं डोळे पुसले आणि हळू मारला. डाग मधापासून जरा बाजूला उमटला, पण चेंडू सरळ गेला आणि मनगटाला काही जाणवलं नाही.

"दुखलं?"

"न्हाई." मग तिनं स्वतःशीच खात्री करून घेतली. "खरंच न्हाई."

पुढचं बोलणं दोघींचंच झालं आणि घरानं ते शहाण्यासारखं ऐकून घेतलं. लांबच्या अंतराचे आयर्न जाड पाठीचे घ्यायचे, कारण चुका तिथं जास्त होतात आणि धक्काही तिथंच बसतो. जवळच्या अंतराचे, जिथं चेंडू बोटानं ठेवल्यासारखा ठेवायचा असतो, ते बारीक पात्याचे. शाफ्ट सगळ्यांना हलके, धक्का जिरवणारे. असा मिसळ सेट बरेच चांगले खेळाडू वापरतात, हे अनुपमानं सांगितल्यावर आप्पांचा शिकाऊपणाचा मुद्दाही मिटला. कुशाबाईनं दांडा जरा लांब ठेवा, वाढतं अंग आहे, असं सुचवून बघितलं. विशीतली प्रगती ओल्या डोळ्यांनी हसली.

"पण ऑर्डर डॉक्टरनं बघितल्यावर," अनुपमानं बजावलं. "आणि त्यांनी थांब म्हटलं तर निवड पुढच्या वर्षी. आयर्न थांबतील."

दशम्या तशाच गाठोड्यात राहिल्या. पिकअप शिरूरला हाडाच्या डॉक्टरांकडे निघाली. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे, तर सगळी रांग उभी राहिली. त्यांनी एकालाच आत यायला सांगितलं. आप्पा कुणाला न विचारता आत शिरले, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मनगट दाबलं, वळवलं, फोटो काढायला लावला, फोटो उजेडात धरला. प्रगती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि आप्पा जमिनीकडे.

"हाड व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाले. "शिरेला सूज आहे. जड वस्तूनं सारखे हादरे बसलेत. पट्टा बांधा, काही आठवडे पूर्ण विश्रांती, मग हळूहळू सुरू करा. वेळेत आलात."

"खेळंल न्हवं ती?" आप्पांनी विचारलं. आवाज असा, की प्रगतीनं वळून बघितलं.

"खेळेल की. न खेळायला काय झालंय?"

बाहेर आल्यावर प्रगतीनं सगळ्यांना सांगितलं. आबांनी पिशवीतला भंडारा तिच्या कपाळाला लावला, आईनं पट्टा परत परत नीट केला. यंदाची निवड हातची जाईल बहुतेक, हे सगळ्यांना कळलं होतं, पण त्या वेळी त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. बिरदेव तर कर्नलसाहेबांना फोन लावून मोठमोठ्यानं बोलत होता, जो एरवी बोलायलाच कंटाळायचा.

आप्पा मात्र तिथं नव्हते. प्रगती त्यांना शोधत गेली. ते पिकअपच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि खांदे हलत होते.

"आप्पा, डॉक्टर खेळ म्हणलं की. आता का रडताय?"

आप्पांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"पारूच्या वेळी बी, पोरी," ते म्हणाले, "आम्ही दारोदार हेच ऐकाया फिरलो व्हतो."